अकरा पत्रे

निर्मलाबाईंचं दार अडकायला लागलं, एवढंच झालं. सकाळी नऊला त्यांचा फोन आला की मोहियोद्दीनभाई, तुमी बसवून दिलेलं दार फुगलंय, लागत न्हाई, येऊन खालून जरा घासून द्या. मी हो म्हणालो, ग्राइंडर पिशवीत टाकला आणि गाडीला किक मारली. मार्केट यार्डाच्या वळणापर्यंत डोक्यात काहीसुद्धा नव्हतं. तिथं मी एकदम ब्रेक दाबला. मागून हळदीची पोती भरलेला टेम्पो येत होता, त्याच्या ड्रायव्हरनं मला मनापासून शिवी दिली आणि ती मी निमूट घेतली, कारण माझं लक्षच नव्हतं. दार फुगलंय म्हणे. अहो, ते दार लोखंडाचं आहे. सोळा गेजच्या पत्र्याचं, तीन वर्षांमागं मीच माझ्या दुकानात बसून जोडलेलं. लाकूड फुगतं, आणि तेही पावसाळ्यात. हा एप्रिल महिना. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात, माणसाच्या अंगातलंसुद्धा पाणी आटून राहिलंय, आणि अशात लोखंड फुगणार? तीस वर्षं झाली मला वेल्डिंग करून, फुगलेलं लोखंड मी अजून पाहिलेलं नाही. टेम्पो पुढं निघून गेला, हळदीचा वास तेवढा नाकात राहिला, आणि मी गाडी बाजूला लावून पाच मिनिटं उगाच साखळी तपासत बसलो.

निर्मलाबाई म्हणजे तांड्यावरच्या. औंढ्याकडच्या एका तांड्यावर त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर हिंगोलीत हे दोन खोल्यांचं घर बांधलं. एकट्याच राहतात. बोलायला लागल्या की समोरच्याला तोंड उघडायला जागा ठेवत नाहीत, आणि त्या दिवशी मला तेच हवं होतं. मी चौकटीच्या कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुनिया लावला. वरच्या डाव्या कोपऱ्यात गुनिया आणि चौकट यांच्यामधून उजेड दिसला. माझी चौकट गुण्यात नव्हती. मी बसवताना होती, ह्याची मी शपथ घेईन. मग खाली बघितलं तर फरशीतून एक बारीक रेघ निघालेली, केसाएवढी, ती स्वयंपाकघरातून मागच्या भिंतीकडं गेलेली. मागच्या भिंतीपासून बारा फुटांवर खड्डा आहे. निर्मलाबाई तोवर चहा टाकत सांगत होत्या की पत्रे ठोकायचं काम चालू होतं तवा मांडणीवरची भांडी नाचायची, आता बरं हाय, आता शांत हाय. आणि कप माझ्या हातात देताना म्हणाल्या, "तुमी हाव ना तिथं कामाला, म्हणून मला काय बी काळजी न्हाई." चहा गरम होता, मी तो तसाच घशाखाली घातला. जीभ पोळली.

आणि मग मी काय केलं? ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी ग्राइंडर लावला आणि दार खालून घासलं. ठिणग्या उडाल्या, दोन सूत लोखंड गेलं, दार लागलं. निर्मलाबाईंनी दोनदा उघडून लावून बघितलं आणि खूश झाल्या. जमीन सरकली म्हणून चौकट वाकडी झाली, हे मला चांगलं कळलं होतं. मी दार कापून दिलं. आडवं येईल ते कापायचं, आपला हात त्याच्यावरच बसलेला.

तो खड्डा कशाचा, ते सांगायला पाहिजे. शहराच्या मोठ्या गटाराचं पाणी एका ठिकाणी जमा करून पंपानं पुढं ढकलायचं, त्याच्यासाठी जमिनीत टाकी बांधायची होती. सोळा फूट खोल. मोकळं रान असतं तर चारी बाजूंनी उतार देऊन खणता आलं असतं, पण इथं गल्ली, घरं, दुकानं, उताराला जागा कुठून आणणार. म्हणून कंपनीनं लोखंडाचे जाड पत्रे आणले. एकेक पत्रा चोवीस फूट लांब, पन्हाळीसारखा वाकवलेला, दोन्ही कडांना खाच. एकाच्या खाचेत दुसऱ्याची कड सरकवायची आणि क्रेनला टांगलेल्या थरथरणाऱ्या हातोड्यानं जमिनीत उभा घालायचा. तेवीस फूट आत, एक फूट वर. असे चारी बाजूंनी घातले की जमिनीच्या पोटात एक लोखंडी पेटी तयार होते, मग आतली माती काढत जायचं. बाहेरची माती पत्रे अडवतात. पण कशाच्या जोरावर अडवतात, तर जो भाग खड्ड्याच्या तळाच्याही खाली सात फूट गाडलेला असतो, त्याच्या जोरावर. वरून आडवे गर्डर असतात, ते मीच वेल्ड केलेत, पण खालचा पाय जमिनीत घट्ट नसेल तर वरचे गर्डर काय करतील. हे मला प्रतिक्षा मॅडमनी समजावून सांगितलं होतं. मॅडम म्हणजे कंपनीच्या इंजिनियर, वय सव्वीस-सत्तावीस, डोक्यावर पिवळी टोपी. हातातल्या पेन्सिलीनं त्यांनी मातीत चित्र काढून दाखवलं होतं. मला मिस्त्री म्हणायच्या. बाकी जगात मी मोहियोद्दीन वेल्डर, पण त्या खड्ड्यावर मी मिस्त्री होतो, आणि पन्नाशीला आलेल्या माणसाला असा शब्द मिळाला की तो सोडवत नाही हो. खोटं कशाला बोलू.

निर्मलाबाईंच्या बाजूला पत्रे घालायचं काम आलं तेव्हा मॅडम सुट्टीवर होत्या, घरी बहिणीचा साखरपुडा. मुकादम भीमसिंग होता, कुठून तरी लांबून आलेला, घाईचा माणूस. पंधरा फुटांवर पत्रा अडला. हातोडा थरथरतोय, आवाजानं छातीत धडधड होतेय, जमीन हलतेय, आणि पत्रा एक इंच खाली जायला तयार नाही. दुसरा घातला, तोही तिथंच. भीमसिंग म्हणाला खडक लागला. खडकावर टेकला म्हणजे काय, त्याच्यापेक्षा मजबूत पाया कुठला. मला ते पटलं. पटवून घेतलं, असं म्हणा. ती सगळी बाजू अशी वेडीवाकडी वर आलेली, कुठं आठ फूट, कुठं नऊ फूट, आणि सोमवारी मोठे साहेब बघायला येणार. भीमसिंग मला म्हणाला, मिस्त्री, लाइन बराबर करून टाक. मी दोन दिवस गॅस कटर घेऊन कापलं. सूत धरलं, खडूनं रेघ मारली, टॉर्चची निळी ज्योत त्या रेघेवरून अशी नेली की कुठं दात राहू दिला नाही, वरून ग्राइंडरचा हात मारला. त्या दोन दिवसांत मी खूश होतो, हे सगळ्यात वाईट. काम चांगलं उतरतंय ह्याची माणसाला जी नशा असते ती होती. सोमवारी साहेब लोक आले, बघून गेले. मॅडम परत आल्या, लाइन बघून म्हणाल्या, मिस्त्री, काय सुंदर काम केलंय, आणि मोबाईलवर फोटो काढला. त्यांच्या वहीत भीमसिंगनं सगळे पत्रे तेवीस फूट आत गेले असं लिहून ठेवलं होतं. आठवड्यानं भीमसिंगला त्याच्या क्रेनवाल्यांसकट दुसऱ्या साइटवर पाठवलं. मग ही गोष्ट माहीत असलेला हिंगोलीत मी एकटा उरलो.

तुम्ही विचाराल, कापलेले तुकडे कुणाला दिसले नाहीत का. दिसले नाहीत, आणि त्याचं कारण आमच्या धंद्याची रीत. तुकडा कापणाऱ्याचा. ही माझ्या अब्बांच्या वेळेपासूनची रीत, त्यांच्याही आधीची असेल. अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवायचे, लग्नात पोरींना द्यायच्या त्या, वर मोर आणि कमळ रंगवलेल्या. गिऱ्हाईक पत्रा आणून द्यायचं, पेटी घेऊन जायचं, उरलेल्या तुकड्याचं नावसुद्धा काढायचं नाही. तो कारागिराचा. साइटवरही तसंच. संध्याकाळी मी माणसं लावून तुकडे गाड्यावर चढवले आणि दुकानात नेले, कुणी हूं की चूं केलं नाही, उलट जागा साफ झाली म्हणून बरं वाटलं सगळ्यांना. दोन तुकडे दुकानासमोरच्या नालीवर टाकले. काही कळमनुरीच्या शेतकऱ्यांना बैलांच्या गव्हाणीसाठी दिले, पन्हाळीचा आकार त्याला आयताच. एकाला पाय जोडून घरी पाण्याच्या पिंपांखाली ओटा केला. अब्बा तुकड्यांबद्दल एक गोष्ट सांगायचे. मी लहान होतो, कात्री धरायला नुकताच शिकलो होतो. ते माझ्या हातातला तुकडा घेऊन बघायचे, पेटीकडं बघायचेच नाहीत. म्हणायचे, हातात मोठा तुकडा आला की समजून जा, कुठंतरी माप चुकलंय. त्यांचे स्वतःचे तुकडे नखाएवढे असायचे. माझ्या हातात आठ-आठ फुटांचे आले होते, चार माणसांना उचलत नव्हते, आणि मी त्यांची गव्हाण कशी चांगली होईल ह्याचा विचार करत होतो.

निर्मलाबाईंकडून मी दुकानावर गेलो नाही. घरी आलो. जुलेखा, माझी बायको, अंगणात गहू निवडत बसली होती. तिनं विचारलं एवढ्या लवकर कसं काय, मी म्हणालो सहज. मग मी पिंपांच्या ओट्याखाली उताणा झोपलो आणि टेप लावला. आठ फूट दोन इंच. परत लावला. आठ फूट दोन इंच. चोवीसातून हे गेले, वरचा एक फूट गेला, म्हणजे तो पत्रा पंधरा फूटसुद्धा आत नव्हता. आणि काल संध्याकाळी खड्डा सोळाला टेकत आला, असं खणणाऱ्या टोळीतला खेमा म्हणाला होता. पिंपाला पाझर होता, पाणी ठिबकत माझ्या कानात जात होतं आणि मी तसाच पडून हिशेब करत होतो. खडकावर टेकलाय ना, मग काय. खडकच असेल. पण खडक असता तर तो आता खड्ड्यातही लागला असता, आणि खड्ड्यातून परवा काय निघालं होतं? गोटे. डोक्याएवढे, कलिंगडाएवढे गोटे, एखाद्या जुन्या नाल्यातले असतात तसे. पत्रे अडले होते ते ह्याच गोट्यांना. मी स्वतः ते वर रचलेले बघितले होते. बघून पुढं गेलो होतो. जुलेखानं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली की माणूस येड्यासारखा पाण्याखाली कशाला निजला. मग मला सांगावंच लागलं. आडवा पडूनच सांगितलं, तिच्या तोंडाकडं न बघता. तिनं विचारलं किती पत्रे असे. मी म्हणालो अकरा.

मला वाटलं होतं ती घाबरेल. पोलीस म्हणेल, लोक काय म्हणतील म्हणेल, बाहेरचा मुकादम गेला निघून आणि नाव आपलंच येणार म्हणेल. हे सगळं माझं माझ्याशी आधीच बोलून झालं होतं, कुणीतरी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. जुलेखानं विचारलं की आत्ता खाली माणसं आहेत का. मी म्हणालो असतील, खेमाची टोळी असते, सात जण. तिनं सूप परत मांडीवर घेतलं, पण गहू निवडला नाही.

"मग तुमी इथं काय करून राहिले?" ती म्हणाली.

रस्त्यात मी मॅडमना चार फोन लावले. उचलेनात. साइटवरच्या वॉचमननं सांगितलं की मॅडम काँक्रीटचे ठोकळे तपासायला घेऊन नांदेडला गेल्यात, चारला येतील. साडेबारा वाजले होते. आता बघा माणसाचं मन कसं असतं. मला हायसं वाटलं. चारला सांगू. मॅडमनाच सांगायला पाहिजे, बरोबर माणसाला सांगायला पाहिजे, उगाच मजुरांत गोंधळ कशाला. साडेतीन तास आहेत. इतके दिवस काही झालं नाही, साडेतीन तासांत काय होणार. मी खड्ड्याच्या कडेनं एक फेरी मारली. लाइन बघितली. काय लाइन होती. ऊन तिच्यावर पडलं होतं, वरची कड एका रेषेत चमकत होती. दुसरी फेरी मारली. वॉचमननं विचारलं काही हरवलं का, मी म्हणालो नाही. तिसऱ्या फेरीला मी निर्मलाबाईंच्या बाजूला थांबलो आणि पायाखालच्या मातीकडं बघितलं. पत्र्यांपासून हातभर अंतरावर एक भेग होती. सगळीकडंच भेगा होत्या म्हणा, एप्रिलची काळी माती, ती फाटणारच. पण रानातल्या भेगा कुठंही जातात, आडव्या, तिडव्या, जाळं होतं त्यांचं. ही सरळ होती. पत्र्यांच्या बाजूबाजूनं चालली होती, माझी लाइन जिथपर्यंत तिथपर्यंत. आणि तरीसुद्धा मी चारचाच विचार करत होतो, हे खरं आहे, ते मी लपवणार नाही.

खाली मी कधी उतरलो नव्हतो. माझं काम वरचं. गर्डर जोडले तेव्हा खड्डा सहा फुटांचा होता, त्यानंतर जे खोल गेलं ते मी वरूनच बघितलं. आता शिडी धरली ती एका वेड्या आशेनं, की खाली जाऊन बघेन आणि पत्रे खडकावर टेकलेले दिसतील. मग कुणालाच काही सांगायला नको. शिडीची एकेक पायरी उतरताना उन्हाचा रंग बदलत गेला, वरचा रस्त्याचा आवाज कमी होत गेला आणि पाणी उपसायच्या मोटारीचा घरघराट वाढला. थंडावा लागला. ओल्या मातीचा आणि गटाराचा असा एक मिसळलेला वास. लहानपणी अब्बांनी बनवलेल्या एका मोठ्या पेटीत मी लपलो होतो आणि वरून कुणीतरी झाकण लावलं होतं, ते आठवलं. तेव्हा मी ओरडलोसुद्धा नव्हतो. लाज वाटली होती ओरडायला.

खेमा राठोड कुदळ टेकून उभा होता, त्याची बायको शिला आणि बाकीची पाच माणसं गोटे काढून टोपल्यांत भरत होती. खेमा मला बघून हसला, म्हणाला मिस्त्री आज पाताळात कसे काय. मी म्हणालो बघायला आलो. आणि बघितलं. निर्मलाबाईंच्या बाजूला माझे पत्रे वरून खाली येत होते, छान सरळ येत होते, आणि माझ्या गुडघ्याच्या उंचीवर संपत होते. त्यांच्या खाली काही नव्हतं. म्हणजे माती होती, पिवळी, लोण्यासारखी मऊ, आणि ती आत यायला बघत होती. पत्र्याची खालची कड तशीच उघडी होती, तिच्याखाली जुनी पोती कोंबलेली. दहा, बारा पोती, ओली झालेली, फुगलेली. शिला तेव्हाही एक पोतं घडी घालून तिथं दाबत होती, दोन्ही हातांनी, आणि मग टाचेनं.

मी खेमाला विचारलं हे काय. तो म्हणाला की चार दिवस झाले, गोटे काढले की खालून चिखल येतो, म्हणून पोती लावून राहिलो. रोज लावतो, सकाळी येऊन बघावं तर बाहेर आलेली असतात. मी विचारलं मॅडमना सांगितलं का.

"न्हाई," खेमा म्हणाला. "आमाला वाटलं असंच ऱ्हातंय. वरून लाइन इतकी बराबर हाय, म्हणून आमी इचारलंच न्हाई."

त्यानं हे टोचून म्हटलं नाही. तो माझ्या कामाची तारीफ करत होता. मला जमिनीत जावंसं वाटलं, आणि मी जमिनीतच होतो. डोक्यावर आभाळाचा एक चौकोन होता, सोळा फुटांवर, आणि शिडी एकच. समोर शिला टाचेनं पोतं दाबत होती, तिच्या चांदीच्या वाळ्यांना पिवळा चिखल लागलेला. मॅडम चारला येणार. आत्ता एक वाजला असेल. मी म्हणालो, सगळे वर चला. कुणी हललं नाही. का हलावं? मी वेल्डर, माझं त्यांच्यावर काय चालतं. खेमा म्हणाला मॅडमचा निरोप हाय का. मी नाही म्हणालो. तो म्हणाला आजच्या आज हे गोटे काढायचेत, टोळी वर नेली आन् मॅडमनं इचारलं तर काय सांगू, काहून काम बंद केलं म्हणून. मी म्हणालो सांग मी सांगितलं. तो परत हसला, मला बरं नाहीये अशा नजरेनं बघत. तेव्हा मला कळलं की चारपर्यंत थांबायची गोष्ट संपली. ह्या माणसांना वर काढायला माझ्याकडं दुसरं काही नाही, हे एकच आहे.

"हे पत्रे आखूड हायेत," मी म्हणालो. "खाली गेलेच न्हाईत. मी वरून कापलेत. मला पहिल्या दिवसापासून ठाव हाय."

मोटार घरघरत होती. खेमाचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. त्यानं पत्र्याच्या खालच्या कडेकडं बघितलं, मग वर, मग माझ्याकडं. विचारलं, किती. मी म्हणालो अकरा. तेव्हा शिलानं पोत्यावरचा पाय उचलला. तिनं भरलेलं टोपलं तिथंच उपडं केलं, बाकीच्या बायांना त्यांच्या बोलीत दोन शब्द सांगितले आणि शिडीकडं गेली. एकेक जण चढायला लागलं. लोखंडी शिडी, मीच बनवलेली, प्रत्येक पायरीला वाजत होती. मी उलट्या बाजूच्या पत्र्यांना पाठ लावून उभा राहिलो. त्या बाजूचे पूर्ण तेवीस फूट गेलेत हे मला माहीत होतं, आणि म्हणून मी तिथं उभा आहे हे खेमाच्याही लक्षात आलं. तो मात्र मधोमध उभा राहून माणसं मोजत होता. कोंबलेल्यांपैकी एक पोतं आपोआप सुटून घरंगळलं आणि त्याच्यामागून मनगटाएवढा चिखल आत आला, शांतपणे, काही घाई नसल्यासारखा. पाच गेले. सहा गेले. मी खेमाला म्हणालो तू जा. तो म्हणाला, तुमी चढा आदी. मी चढलो. वाद घालायला मला तोंड नव्हतं, आणि मला भीतीही वाटत होती, खूप वाटत होती.

वर आलो तेव्हा ऊन अंगावर आदळलं. फोन वाजत होता, मॅडमचा. काय काय बोललो आता आठवत नाही, पण सगळं सांगितलं, भीमसिंगचं, वहीचं, कापल्याचं. त्या ओरडल्या नाहीत. भराभर सांगायला लागल्या की खड्ड्यात कुणी पाय ठेवायचा नाही, मागचं घर आत्ताच्या आत्ता रिकामं करा, खड्डा भरायला मशीन पाठवते, मी येऊन राहिले, तोवर कुठले पत्रे आखूड आहेत त्यांच्यावर खूण करून ठेवा. मिस्त्री म्हणाल्या नाहीत. वॉचमन निर्मलाबाईंकडं धावला. थोड्या वेळानं त्या एक पिशवी आणि देव्हाऱ्यातला फोटो घेऊन रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर ओढलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना गप्प बघितलं. माझ्याकडं बघत होत्या. मी दुसरीकडं बघितलं.

आता खूण करायची. मी खिशातून खडू काढला आणि लाइनीपाशी गेलो आणि तिथंच उभा राहिलो, कारण नुसत्या डोळ्यांनी काही कळत नव्हतं. सगळे सारखे. कुठं जोड नाही, कुठं उंच-नीच नाही, मीच इतकं साफ केलेलं. मग आठवलं की ज्या पत्र्याला हातोड्यानं शेवटपर्यंत धरून खाली नेलं, त्याच्या वरच्या कडेला हातोड्याच्या जबड्याचे दात उमटलेले असतात. कापलेल्याला ते नसतात, ते दात तुकड्यासोबत गेले. म्हणून हात फिरवून बघायचं. लोखंड इतकं तापलं होतं की चटका बसत होता. मी रस्त्याकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. दात, दात, दात, मग गुळगुळीत. खडू खेमानं माझ्या हातातून घेतला. म्हणाला, तुमी हात लावा, मी खूण करतो. टोळी मागं उभी होती, शिला पुढं, चिखलाचे हात तसेच.

मी मोठ्यानं मोजत गेलो आणि खेमा फुल्या मारत आला. पाच झाले, सहा झाले. मध्ये एक दातांचा आला. निर्मलाबाईंच्या स्वयंपाकघरामागं नऊ झाले, दहा झाले. अकरावा त्यांच्या न्हाणीच्या कोपऱ्याशी सापडला, आणि मी खेमाला म्हणालो की हा शेवटचा. त्यानं फुली मारली. मी जुलेखाला अकरा सांगितले होते, खाली उभं राहून अकरा सांगितले होते, मॅडमना अकरा सांगितले होते. खोटं बोललो नव्हतो. मला खरंच अकरा आठवत होते. मी हात पुसायला वळलो, तेवढ्यात शिला म्हणाली की पुढचे बी बघा की. पुढं अजून बरीच लाइन होती, गल्लीच्या टोकापर्यंत. मी हात पुढच्या पत्र्यावर ठेवला. चटका बसला, तरी काढला नाही. कडेवरून बोटं या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, परत आणली. दात लागले नाहीत. खेमा खडू धरून थांबला होता.

"बारा," मी म्हणालो, आणि पुढच्याला हात लावला.